सोमलिंगम गारूंच्या हातातली रबरी लाठी

मित्रांनो, मी शेकडो डोक्यांवर बसले, पण माझ्यामुळे एकाही डोक्याला टेंगूळ आलं नाही. मी हैदराबादच्या सिनेमातली एक जुनी रबरी लाठी आहे.

मला मस्तानने घडवलं. मारामारीचं सामान बनवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. वेताची खरी लाठी शेजारी ठेवून त्याने तिची पेरं, तिचा रंग, तिच्या टोकाचा चरासुद्धा माझ्यावर उतरवला. वजनही जमवलं. "बघा," तो सगळ्यांना म्हणाला, "यातली खरी कुठली, ते त्या वेताचा बापही सांगणार नाही!" मला तेव्हा फार अभिमान वाटला.

आमच्या सिनेमात देवळाच्या स्वयंपाकघरात पुळिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, कालवणारा आचारी फौजदार होतो. ते काम सोमलिंगम गारूंना मिळालं; तुम्ही मानाने 'राव' म्हणता, तसं आमच्याकडे 'गारू'. पंचवीस वर्षं लोकांना हसवलेला, पोट सुटलेला, झुरळाला भिणारा माणूस! जमिनीवर आपटून आवाज काढायचा असला की त्यांच्या हाती वेताची लाठी जाई. माणसाला मारायचं असलं की मी.

मारण्याआधी ते टोपी काढून मला स्वतःच्या डोक्यावर आपटत. दर वेळी.

"अहो गारू, गुंडांच्या आधी पोलीसच मार खातोय!" मार खाणारे गडी हसत.

"हसा रे. मला लागलं नाही, तर तुम्हालाही लागणार नाही."

त्या गड्यांत चिराल्याचा कोटय्या होता. मागच्या सिनेमात जिन्यावरून पडून त्याच्या डोक्याला नऊ टाके पडले होते. पुन्हा तिथेच फटका बसला तर वाचणं कठीण, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. काम जाईल म्हणून त्याने ते लपवलं. एकट्या मस्तानला सांगितलं, तेही मला हातात घेऊन. "अन्ना, हिच्या भरवशावर उभा राहतो मी."

शेवटच्या मारामारीच्या दिवशी सगळे जेवायला गेले. मी आणि वेताची लाठी, आम्ही दोघी जीपला टेकून होतो. जेवणं उरकतात तोच ढग आले.

"ऊन जातंय! लाठी आणा, लवकर!" दिग्दर्शक ओरडले.

मस्तान हात धुवायला गेला होता. दुसरंच कुणीतरी धावत आलं आणि वेताची लाठी उचलून घेऊन गेलं.

मला तोंड नाही, मित्रांनो. मी नुसती बघत राहिले. कोटय्या पाठ फिरवून उभा राहिला.

"गारू, आज ते डोक्यावर आपटणं नको! सरळ मारा," दिग्दर्शक म्हणाले.

सोमलिंगम गारूंनी लाठी उगारली. मग खाली घेतली.

"एक मिनिट, बाबू. त्याशिवाय माझा हात उठत नाही."

त्यांनी टोपी काढली. ठक्!

ते मटकन खाली बसले. सगळे पोट धरून हसले. त्यांना तो अभिनयच वाटला.

"कोटय्या," गारू डोळे मिटून म्हणाले, "बाजूला हो रे. ही ती नव्हे."

मस्तान ओल्या हातांनी धावत आला. आम्हा दोघींना चाचपलं आणि तिथेच रडू लागला. मग खांद्यावरच्या लाल पंच्याची चिंधी फाडून त्याने माझ्या मुठीला गुंडाळली. आपल्या सुंदर कारागिरीवर त्याने स्वतःच खूण केली. ढग अर्ध्या तासात पांगले.

गारूंच्या डोक्यावर लिंबाएवढं टेंगूळ आलं. पुढच्या दृश्यांत टोपी तिरकीच बसायची. सिनेमा लागला तेव्हा लोकांना ती फौजदाराची ऐट वाटली. त्यांनी शिट्ट्या मारल्या, कागदाचे कपटे उधळले. मी मात्र पडद्यावर दिसूनही कुणाला ठाऊक झाले नाही. त्याचं मला काही वाटलं नाही.

आता माझं रबर तडकलं आहे. मी मस्तानच्या खोलीत पडून असते. मित्रांनो, खेळातल्या वस्तू खऱ्या वस्तूंत मिसळू देऊ नका. त्यांच्यावर खूण करा, भले त्या थोड्या कुरूप दिसोत. आणि कुणी कितीही घाई केली, तरी उगारलेला हात एकदा थांबवून बघा.

कोटय्याने मारामारी सोडली. स्टुडिओच्या दारात तो पेसरट्टू, म्हणजे मुगाचे डोसे, घालतो. सणाच्या दिवशी खोलीत येतो, कोरड्या फडक्याने मला पुसतो. पुसताना त्याचं डोकं माझ्यावर वाकतं. त्याचे केस पिकून पांढरेशुभ्र झाले आहेत. ते बघायला मिळालं, मित्रांनो, मला आणखी काय हवं?