जुन्या काडतुसाची रायफल

मर्लने शेवटचा स्क्रू अगदी हलकेच आवळला. आता त्याची खाच नळीच्या बरोबर रेषेत आली. एवढ्यासाठी सकाळपासून तो स्क्रूचं डोकं घासत बसला होता. रायफल त्याने मेंढीच्या कातड्यावर आडवी ठेवली आणि हात पुसले.

"झाली?" लॉयडने दारातून विचारलं.

"आत ये आधी. दार लाव, धूळ येते."

लॉयड शेजारच्या रँचवरचा, गुरं पाळणारा. दर वर्षी मर्ल, त्याची बायको ऑड्री आणि लॉयड असे तिघं हरणांच्या शिकारीला डोंगरात जायचे. गेल्या वर्षी ऑड्री वारली, आणि मर्ल घरीच राहिला. जन्मभर त्याने दुसऱ्यांसाठी रायफली बांधल्या. या उन्हाळ्यात पहिल्यांदाच स्वतःसाठी एक बांधायला घेतली. आणि काडतूस निवडलं ते ऑड्री वापरायची तेच, जुन्या जमान्याचं. २५७ रॉबर्ट्स. आता ते मागितलं की दुकानातली पोरं नुसती तोंडाकडे बघतात.

"गोळ्या कुठून आणणार म्हाताऱ्या? गावात एक खोकं मिळत नाही."

"दारू आणि शिसं घालून घरी भरीन. ऑड्रीने रिकामी काडतुसं कधी टाकली नाहीत. कॉफीचे डबे भरलेत."

"ती काहीच टाकायची नाही."

"म्हणून तर तुला जेवायला बोलवायची."

लॉयड हसला. मग त्याची नजर भिंतीवर गेली. ऑड्रीच्या फोटोखाली दोन नव्या लाकडी खुंट्या ठोकल्या होत्या, वर मऊ कापड लावलेल्या. लॉयडचं हसू ओसरलं. रायफल तिथे चढली की हा गडी पुन्हा डोंगर चढायचा नाही.

"शनिवारी शिकारीचा मोसम सुरू होतोय," तो म्हणाला.

"माहितेय."

"येणार?"

मर्लने नळीवरचा बोटाचा ठसा पुसला. "असला अक्रोडाचा दस्ता बर्फात कोण नेतं, लेका?"

लॉयड कातड्याजवळ आला. "उचलून तरी बघू दे."

"डोळे मीट, खांद्याला लाव आणि मग उघड."

लॉयडने तसं केलं. डोळे उघडले तेव्हा मान जराही न हलवता रायफलीवरच्या दुर्बिणीतला गोल पूर्ण दिसत होता. "वा!" म्हणत त्याने रायफल खाली घेतली आणि पोटाशी धरली.

कर्र आवाज झाला.

रोडिओत, उधळत्या घोड्यावर बसायच्या शर्यतीत, जिंकलेलं बशीएवढं बक्कल होतं त्याच्या पट्ट्याला. एरवी मर्ल गिऱ्हाइकाला दारातच पट्टा काढायला लावायचा. आज राहून गेलं. दस्त्यावर बोटभर लांब पांढरी रेघ उमटली होती.

"अरे देवा," लॉयड म्हणाला. "मर्ल, घासून निघेल ना ते?"

मर्लने रायफल खिडकीशी नेली. रेघेवर नख फिरवलं. खोल होती. निघाली असती, पण सगळा दस्ता पुन्हा घासावा लागला असता. मग बाटलीतलं तेल बोटावर घेऊन त्याने ते रेघेत जिरवलं. पांढरेपणा गेला, रेघ राहिली.

"बरं झालं," तो म्हणाला. "आता हिला पाहुणीसारखं जपायला नको."

लॉयड पट्टा एका हातात घेऊन, दुसऱ्या हाताने पँट सावरत उभा होता.

"तंबूची ती मोडकी काठी बदललीस का?" मर्लने विचारलं.

"नाही. दोरीने बांधलीय."

"मग शुक्रवारी येताना घेऊन ये. निघायच्या आधी नवी करून देतो."