खिडकीकडे की बास्केटखाली

मार्चमधल्या पहिल्या मंगळवारी हार्लोची गावसभा शाळेच्या जिममध्ये भरते, आणि दरवर्षी कुणीतरी नवखा चुकीच्या वेळी टाळ्या वाजवतो. बिचाऱ्याचा दोष नाही. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या ह्या गावांत एखादा विषय 'पास ओव्हर' करणं म्हणजे तो मंजूर करणं नव्हे, तर बाजूला टाकून पुढच्या विषयाला लागणं. बोस्टनहून येऊन स्थायिक झालेल्या शहाण्यांना त्यातलं फक्त 'पास' ऐकू येतं. गोठा सांभाळून सभापतीपद सांभाळणारा वेंडेल पेक दरवर्षी सगळं समजावून सांगतो, आणि त्याने समजावलं की ज्यांना आधी कळलं होतं त्यांचाही गोंधळ उडतो.

रोझली थिबोला मात्र पक्कं ठाऊक होतं. ती ह्याच शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांसाठी रांधायची, आणि आज तिची नोकरीच पणाला लागली होती. शाळा चालवणं गावाला आता झेपत नव्हतं. टेकडी विकत घेतलेल्या व्हिटलॉक नावाच्या धनाढ्य माणसाने निरोप धाडला होता, की तळ्याकडे जाणारा गावरस्ता माझ्या जमिनीतून जातो, तो मला देऊन टाका, शाळेचा खर्च मी उचलतो. ह्या सभेत ठरवा, नाहीतर विसरा. ह्या गृहस्थाचं घर जवळजवळ वर्षभर रिकामं असतं, तरी बर्फ साचू नये म्हणून अंगणातल्या फरशीखाली गरम पाणी खेळतं. रोझलीला त्याचा संताप यायचा. पण संतापाने घरभाडं भागत नव्हतं.

तिचा थोरला भाऊ आर्मंड लहानपणापासून, आधी बाबांबरोबर, त्याच तळ्यावर गोठलेल्या बर्फाला भोक पाडून मासे धरत आला होता. तो समोरच्या रांगेत बसला होता, आणि दोघांत गेली तीन वर्षं अबोला होता. निवडणुकीच्या साली थँक्सगिव्हिंगची टर्की कापता कापता तो म्हणाला होता, "तुझ्या लोकांनी देश विकायला काढलाय." ती म्हणाली, "आणि तुझ्या लोकांनी लोकशाही मोडीत काढलीय." टर्की तशीच निवून गेली. तेव्हापासून तिने हिशेब सोपा करून टाकला होता : आर्मंड ज्या बाजूला, त्याच्या उलट बाजू बरोबर.

आज तो हिशेब जुळेना. आर्मंडच्या पक्षाचे निम्मे लोक व्हिटलॉकची तळी उचलत होते, निम्मे त्याच्या नावाने बोटं मोडत होते. तिच्या पक्षाचीही तीच गत. आणि गावाची वस्तू विकायला निघालेल्यांत आज ती स्वतः होती.

"हा विषय पास ओव्हर करा," म्हातारी हेझेल काठी टेकत उठून म्हणाली. "आज रस्ता मागतोय, उद्या चर्चची घंटा मागेल."

कोण हसलं, कोण ओरडलं. वेंडेलने होय-नाही विचारलं, तर दोन्ही आरोळ्या सारख्याच.

"मला काही कळेना," वेंडेल म्हणाला. "उठा मंडळी. पास ओव्हरला होय म्हणणारे खिडकीकडे, नाही म्हणणारे बास्केटबॉलच्या बास्केटखाली."

"म्हणजे रस्ता द्यायला होय की नाही?" मागून कुणीतरी विचारलं.

"अरे बाबा, रस्ता द्यायला नाही म्हणायचं असेल तर होय म्हण!"

पुढचं खुर्च्यांच्या खडखडाटात बुडालं. रोझली बास्केटखाली जाऊन उभी राहिली. मान वर करते तो काय, गर्दीतून वाट काढत आर्मंड तिच्याकडेच येत होता. आला, टोपी काढली, आणि तिच्या शेजारी उभा राहिला.

तिला काही सुधरेना. हा आपल्यासाठी आला? तळं सोडून? तीन वर्षं ज्याचं तोंड बघायचं नव्हतं, त्याचा हात धरावा असं तिला वाटलं.

"मशीनने लाकूड कापून कापून कान गेले माझे," आर्मंड खाली वाकून म्हणाला. "वेंडेल काय बडबडला कुणास ठाऊक. मग तू दिसलीस. म्हटलं, रोझला ह्यातलं कळतं. बाबांच्या तळ्यावर ती काही पाणी सोडायची नाही."

रोझलीच्या दुसऱ्या हाताला उभी असलेली डोरीन, शाळेची बस चालवणारी, तिचा दंड दाबून कुजबुजली, "गप्प बैस. एकेक माणूस महत्त्वाचा आहे."

गप्प बसणं काही कठीण नव्हतं. तीन वर्षं ती तेच करत होती. मोजणी करणारी बाई खिडकीकडून सुरुवात करत होती.

"आर्मंड," रोझली त्याच्या कानाशी म्हणाली, "ही रस्ता देऊन टाकायची बाजू आहे. तुझी बाजू ती. जा."

"आणि तू?"

"मी इथेच आहे."

त्याने टोपी घातली, आणि अख्खी जिम ओलांडून खिडकीकडे गेला.

विषय पास ओव्हर झाला, एका मताच्या फरकाने. खिडकीकडे जल्लोष उठला; बास्केटखाली एका नवख्यानेही जोरात टाळ्या वाजवल्या.

"आयता आला होता गं तो!" डोरीन दातओठ खात म्हणाली. "काय मिळवलंस?"

आपण शहाणपणा केला की मूर्खपणा, हेच रोझलीला कळत नव्हतं, आणि रडू मात्र येत होतं.

खिडकीकडे टाळ्या न वाजवणारा आर्मंड एकटाच होता. "रोझ!" तो तिथूनच ओरडला. "मग शाळा बंद? तुझं काय?"

वेंडेलने हातोडा आपटला. "आर्मंड, सभेत आपसात बोलायचं नाही. जे बोलायचं ते सभापतीशी."

आर्मंड वेंडेलकडे वळला. "बरं. सभापतीसाहेब, माझ्या बहिणीला विचारा, आता ती काय करणार?"

वेंडेलने हातोडा खाली ठेवला, तिच्याकडे बघून घसा साफ केला. "रोझली, तुझा भाऊ विचारतोय..."

"ऐकलं मी," ती म्हणाली. "त्याला सांगा, मला माहीत नाही."

वेंडेल खिडकीकडे वळला आणि आर्मंडला ऐकू जावं म्हणून ओरडून म्हणाला, "तिला माहीत नाही, आर्मंड!"