फळ्यावरचा ऑक्टोपस

पानागोसने 'ख्तापोदी', म्हणजे ऑक्टोपस, या ग्रीक शब्दाच्या शेवटी मुद्दामच शेपटीवाला 'इ' काढला आणि कागद नातीपुढे सरकवला. त्याच्या कॉफीच्या दुकानात सोंगट्या खेळणाऱ्यांचे हात थांबले.

मिर्सीनीने लाल पेन्सिल उचलली. दुसरीतली ही पोर मघापर्यंत टेबलाखाली बसून रडत होती. शाळेतून तिचं श्रुतलेखन लालेलाल होऊन आलं होतं आणि उद्या पुन्हा श्रुतलेखन होतं.

"सगळे 'इ' सारखेच तर ऐकू येतात! मग लिहायचे सहा तऱ्हांनी कशाला? मी नाहीच जाणार शाळेत!"

समजावून झालं, मध घातलेलं दही पुढे ठेवून झालं. शेवटी पानागोस म्हणाला होता, "बरं, आज तू मला घाल श्रुतलेखन. बघू कोण शहाणं ते."

मिर्सीनीने पुस्तकात बोट फिरवून शब्द शोधला आणि तिचा चेहरा उजळला.

"चूक! ख्तापोदीच्या शेवटी साधा, काडीचा 'इ'. आता तीनदा लिहा."

"अगं, कॉफी उतू जातेय."

"आधी शब्द, मग कॉफी."

सोंगट्या खेळणाऱ्या स्ट्रातिसने मांडीवर थाप मारली. "वा रे पंडित! अख्ख्या गावाचे अर्ज तूच लिहितोस ना? तरीच माझी पेन्शन अडकली!"

दुकान हसून लोटपोट झालं. पानागोसचे कान तापले. आपल्या शुद्ध लिहिण्याचा त्याला केवढा अभिमान! पण समोर पोरगी गुणगुणत पुढचा शब्द शोधत होती. त्याने मुकाट्याने तीनदा लिहिलं आणि पुढचा शब्दही चुकवला.

सकाळी घाईघाईत त्याने दाराबाहेरच्या फळ्यावर दुपारचं जेवण लिहिलं: चण्याचं सूप, ऑक्टोपस. तेवढ्यात मिर्सीनी दप्तर घेऊन जिना उतरली. रडारड नाही, पोटदुखी नाही. "येते हं आजोबा," म्हणून ती बाहेर पडली. त्याचा जीव भांड्यात पडला आणि तो ऑक्टोपस साफ करायला आत गेला.

दुपारी स्ट्रातिस बाहेरूनच ओरडला, "अरे, काल तीनदा लिहिलंस ना? तरी फळ्यावर पुन्हा तीच चूक!"

पानागोस हात पुसत बाहेर आला. त्याने बरोबरच लिहिलं होतं, त्याला पक्कं आठवत होतं. पण शेवटचं अक्षर कुणीतरी बोटाने पुसून टाकलं होतं. त्या जागी शेपटीवाला 'इ' होता, वाकडातिकडा, लहान हाताचा.

तो बघतच राहिला. बरोबर लिहिलेला शब्द दोस्तांच्या नजरेला पडला असता, तर कालचं सोंग उघडं पडलं असतं. पोरीला सारं कळलं होतं. त्याला हसू आलं.

"पूस ते," स्ट्रातिस म्हणाला. "लोक हसतील."

"हसू देत."

शाळा सुटली तशी मिर्सीनी उतारावरून धावत आली.

"आजोबा, एकच चूक! फक्त एक!" मग तिने फळ्याकडे पाहून कपाळाला आठ्या घातल्या. "आणि हे काय? पुन्हा तेच? संध्याकाळी तीनदा लिहायचं!"

"हो, बाई," पानागोस म्हणाला.