जोडातला गुलाल

मित्रांनो, मी एक जुनी जीप. शिरोळमध्ये गोठ्याशेजारी उभी आहे. उभी कसली, टेकवून ठेवली आहे. पण हसू नका हं! हंबीरराव मालकांनी मला घेतलं तेव्हा गावात माझा काय रुबाब होता! मी उसाच्या बांधापर्यंत जायचे, अडलेल्या बाईला दवाखान्यात न्यायचे, आणि दर चैत्रात मालक-मालकिणीला घेऊन जोतिबाचा डोंगर चढायचे. तिथे चांगभलंच्या गजरात उधळलेला गुलाल माझ्या पत्र्यांच्या जोडांतही जाऊन बसायचा.

मालक गेले आणि मी धूळ खात पडले. मग एकदा धोंडुबाई, म्हणजे मालकीण, मुलाला म्हणाल्या, "अमरसिंह, गाडी नव्यागत करून आण. मला हिच्यातनंच डोंगराला जायाचं हाय." तेवढी एकच इच्छा उरली होती त्यांची.

अमरसिंहाने मला कोल्हापूरला रफिक पेंटरकडे नेलं. मालकीणही आल्या. रफिकने जुना रंग खरवडला तशा जोडांच्या फटी उघड्या पडल्या. त्या सीलरने, म्हणजे रबरी लुकणाने, बुजवाव्या लागतात, नाहीतर पाणी शिरून पत्रा आतून गंजतो. आणि सीलर भरण्याआधी फट स्वच्छ, कोरडी करावी लागते. रफिकने पुढच्या सीटखाली तारेचा ब्रश घातला. गुलाबी भुकटी बाहेर आली.

"थांब!" मालकीण ओरडल्या. "मालकांच्या हातचा शेवटचा गुलाल हाय त्यो. काढू नगंस."

"आई, गुलाल ओल धरतोय," रफिक म्हणाला. "सीलर पत्र्याला चिकटाय पायजे."

"देवाचा परसाद हाय, बाबा. ऱ्हाऊ दे की. वरनं बुजव."

रफिकने अमरसिंहाकडे पाहिलं. अमरसिंह उगाच माझं चाक तपासू लागला. आईपुढे कोण बोलणार? आणि दुसऱ्याच्या देवाच्या गुलालाला ब्रश कसा लावावा, हा रफिकला पेच. शेवटी त्याने गुलालावरूनच सीलर ओढलं आणि वर रंग मारला. मला बोंब ठोकावीशी वाटली, पण माझा हॉर्नसुद्धा काढून ठेवला होता!

रंग मात्र असा चढला की बघणारे थांबायचे. "असली गाडी पंचक्रोशीत न्हाय!" म्हणायचे, आणि मीही फुगायचे. पहिल्या चैत्रात घरी नातू जन्मला, सोयर आलं, डोंगर राहिला. पावसाळ्यात मी चिखलातून धावले. ओल्या गुलालावरचं सीलर सुटलं, पाणी आत मुरत गेलं. वरून अंग तुकतुकीत, खालून तळ कुजत होता.

यंदा चैत्रात मालकीण नवं लुगडं नेसून आल्या. त्यांनी आत पाय ठेवला आणि पत्रा पापडासारखा मोडला. नशीब, नुसतं खरचटलं. अमरसिंह खाली वाकून बघत म्हणाला, "आई, तळच ऱ्हायला न्हाय. हिचं काय खरं न्हाय आता."

मालकीण माझ्या चाकाशीच बसल्या. "मीच घात केला गं तुझा," म्हणत त्या हमसून हमसून रडल्या. मग दुसऱ्याच्या गाडीतून डोंगराला गेल्या. मी बघत राहिले.

मित्रांनो, त्यांच्यावर रागावू नका. मीही रागावले नाही, एवढी माया मला कुणी लावली नाही. पण जे जपायचं ते आधी खरवडून, पुसून, कोरडं करून मग जपा. खरवडताना मला थोडं दुखलं असतं, एवढंच. मालकीण माझ्यात बसून डोंगर चढल्या असत्या.