साहेब जेवण बघायला येणार

“काटा डाव्या हातात गं, डाव्या!” पास्कल बायकोवर खेकसला. “साहेबासमोर असं केलंस तर झालंच आपलं कल्याण!”

अल्फोन्सीननं निमूट हात बदलला. बेल्जियन राजवटीतल्या लिओपोल्डव्हिलच्या त्या गल्लीत, साहेबी रीतीनं राहणाऱ्या काळ्या माणसाला सरकार द्यायचं ते ‘सुधारलेल्या माणसाचं’ कार्ड एकाच घरी होतं, आणि तेही नेमकं शेजारच्या मादलेनच्या. कार्ड आल्यापासून बया रविवारी टोपी घालून चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसायची. ती टोपी दिसली की अल्फोन्सीनचा नुसता जळफळाट व्हायचा. दोघींचे नवरे एकाच कचेरीत, सारखेच शिकलेले. मग आपल्यातच काय कमी?

कार्ड सासूमुळं अडतंय, असं तिनंच ठरवून टाकलं. सासू, मा न्सोना, खेड्यातली. चटईवर बसून हातानं जेवायची, सुनेलाही आपल्याच भांड्यात जेवायला ओढायची. आणि आज बेल्जियन साहेब घर तपासायला येणार होता. नवरा-बायको टेबलाशी बसून जेवतात का, तेसुद्धा बघणार होता.

“आई, साहेब जाईस्तोवर मादलेनकडं बसता का जरा?”

“का गं? माझी लाज वाटते?”

“तसं नाही हो…”

“तसंच आहे,” म्हणत म्हातारी भाजीचं भांडं उचलून निघून गेली.

साहेबानं चादरी पाहिल्या, संडास पाहिला, दोघांना जेवताना पाहिलं.

“घरात आणखी कोण असतं?”

“कोणी नाही, साहेब,” अल्फोन्सीन चटकन म्हणाली. पास्कलनं मान खाली घातली.

“छान! कार्ड मिळेल तुम्हाला.”

साहेबाची पाठ वळताच ती शेजारी धावली. मादलेनचं तोंड कसं उतरतं, ते तिला डोळे भरून बघायचं होतं.

अंगणात मादलेन अनवाणी, चटईवर मांडी ठोकून बसली होती. म्हातारीच्या भांड्यात हात घालून कसाव्याच्या पाल्याची, मासे घातलेली भाजी ओरपत होती.

“आई, किती दिवसांनी पोटभर जेवतेय! त्या काट्यानं जीव नकोसा केलाय हो.”

“खा गं माझी पोर,” म्हणत म्हातारी तिला माशाचे काटे काढून देत होती. हे लाड आजवर फक्त अल्फोन्सीनचे व्हायचे. टोपीचा हेवा याच्यापुढं काहीच नव्हता.

“आई, कार्ड मिळणार आपल्याला!”

“बरं झालं.”

“मलाही वाढा की थोडं.” ती बूट काढून चटईवर टेकली.

म्हातारीनं भांड्यावर हात आडवा धरला.

“तू जेवलीस की मघाशी. आणि घरात आणखी कोणी नसतं ना तुझ्या? कुंपणापलीकडचं सगळं ऐकू येतं इथं.”

मादलेनचा घास हातातच राहिला. म्हातारीनं माशाचा उरलेला तुकडा तिच्याकडं सरकवला.

“जेव तू,” ती म्हणाली.