साफसफाईत उडालेला ससाणा

मुलींचा फुटबॉल संघ पहिल्यांदाच फायनलला पोचला होता. माझी लेक त्या संघाची गोलकीपर, नवरा प्रशिक्षक, आणि नव्या जर्सींच्या छातीवर संघाचं चिन्ह, ससाणा, भरून द्यायचं काम माझ्याकडे. घरातच भरतकामाचं मशीन असल्यावर दुसरीकडे कोण जाणार? बहुतेक जर्सी झाल्या होत्या. चारच उरल्या होत्या, आणि दुपारी बस सुटायच्या आत त्या सहज होणार होत्या. मी अगदी निवांत होते. इतकी निवांत, की आंघोळीला गेले.

तेवढ्यात भावजी आले. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. चष्म्याचं दुकान आहे त्यांचं, पण जीव सगळा कॉम्प्युटरमध्ये. मॅच बघायला म्हणून दुकान बंद करून लवकरच आले होते. मी केस पुसत बाहेर येते, तर ते माझ्या खुर्चीत बसलेले आणि पडद्यावर लालच लाल.

"वहिनी, पळत या! तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आठशे चुका निघाल्यात!"

"आठशे? मग हा चालत कसा होता?"

"चालत कुठे होता, रांगत होता बिचारा! तुम्हीच म्हणाला होतात ना, चालू व्हायला अख्खा जन्म लावतो म्हणून? फुकटातलं सॉफ्टवेअर मिळालं. रजिस्ट्री साफ करतं." मग माझा चेहरा बघून त्यांनी समजावलं. "कुठला प्रोग्राम कुठे बसलाय, त्याचा परवाना कुठला, कुठल्या यंत्राशी कसं बोलायचं, ही सगळी माहिती कॉम्प्युटर एका जागी ठेवतो. ती रजिस्ट्री. तिच्यात वर्षानुवर्षं कचरा साठतो. तो काढला की बघा कसा पळतो ते!"

खोटं कशाला बोलू, मलाही चेव आला. माळा आवरायला काढल्यासारखं वाटलं. मध्येच पडद्यावर एक चौकट आली, आधी बॅकअप घ्यायचा का म्हणून. भावजी म्हणाले, "वेळ जातो त्यात," आणि मीही म्हटलं, "नको मग." त्यांनी बटण दाबलं. लाल रेघा भराभरा हिरव्या झाल्या आणि पडद्यावर झाडू नाचला. आम्ही दोघांनी चक्क टाळ्या वाजवल्या!

मग मी कपाटातून हार्ड डिस्क काढली, केबल जोडली, भरतकामाच्या प्रोग्रामवर क्लिक केलं. काही नाही. पुन्हा केलं. एक चौकट आली: परवाना सापडत नाही, प्रोग्राम नव्याने बसवा.

"ही डिस्क कसली?" भावजींनी विचारलं.

"कॉम्प्युटरमध्ये जागाच नव्हती, म्हणून मशीनचा सगळा प्रोग्राम हिच्यावर टाकलाय. काम झालं की काढून कपाटात ठेवते."

भावजींचा चेहरा खर्रकन उतरला. "म्हणजे मी सफाई केली तेव्हा ही जोडलेली नव्हती."

"नव्हती. मग?"

"मग त्याला त्या नोंदी दिसल्या, पण नोंदींमागचा प्रोग्राम जागेवर दिसला नाही. त्याने सगळ्या कचऱ्यात काढल्या, वहिनी."

मशीन विकणाऱ्याला फोन लावला, तर नुसतीच घंटा. इतक्यात नवऱ्याचा फोन. "जर्सी झाल्या का गं? पोरी बसपाशी जमायला लागल्यात." मी म्हटलं, "होताहेत," आणि फोन ठेवून भावजींकडे असं बघितलं की त्यांनी खुर्चीच मागे सरकवली.

"थांबा, थांबा!" ते एकदम उठून उभे राहिले. "मागच्या आठवड्यात याचं अपडेट झालं होतं ना? अपडेटच्या आधी कॉम्प्युटर कधीकधी स्वतःहून एक खूण ठेवतो, मागे जायला. ती असेल तर वाचलो!"

"आणि मी काढलेला ससाणा? तो गेला तर? दोन आठवडे घातलेत मी त्याच्यावर!"

"तो डिस्कवर आहे. तुमच्या फायलींना धक्का लागत नाही. पण आधी ती डिस्क काढून तुमच्या हातात घ्या, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको."

खूण होती! मी आनंदाने ओरडलेच. भावजींनी 'पूर्ववत करा'वर क्लिक केलं, कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा चालू झाला, आणि पडद्यावर एक गोल चक्र फिरत बसलं. मध्ये बंद करायचं नाही, हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. मला कसलं बघवतंय! मी गोलकीपरची पिवळी जर्सी लाकडी रिंगेत ताणली आणि सुईदोरा काढला.

"हाताने?" भावजी म्हणाले.

"हाताने. बायका मशीन यायच्या आधी काय नुसत्या बसून होत्या? घ्या, दुसरी सुई ओवा."

त्यांनी ती पहिल्या फटक्यात ओवली. चष्म्याचे तिळाएवढे स्क्रू फिरवणारी बोटं ती! मी तयार जर्सीवरून ससाणा उतरवून घेतला, साखळी टाक्याने पंखांची कड धरली, आणि त्यांना एकदाच भरीव टाका दाखवला. ते पलीकडून चोच भरायला बसले. एकाच रिंगेवर आमची दोघांची डोकी, हात एकमेकांत अडकताहेत, आणि प्रत्येक टाक्यागणिक दोघंही पडद्याकडे मान वळवतोय.

"वहिनी, मी खरंच वेगासाठी केलं हो."

"वेग नंतर बघू. शेपूट भरा."

शेपटीच्या शेवटच्या पिसावर होतो तेव्हा पडदा उजळला. मी डिस्क जोडली. क्लिक केलं. श्वास रोखला. आणि उघडला! प्रोग्राम उघडला! पंख पसरलेला ससाणा जसाच्या तसा पडद्यावर! भावजींनी मला, मी त्यांना, टाळ्या दिल्या, आणि पुढच्या क्षणी मशीन खडखडायला लागलं. मला तो खडखडाट इतका गोड कधीच वाटला नव्हता.

मशीन चालू असताना भावजींचा हात पुन्हा माऊसकडे गेला. "तेवढ्यात बघतो, हा मुळात मंद का आहे ते."

"आज बोट जरी लावलंत ना, तर ही सुई तुम्हाला टोचेन."

मग सोमवारी बघितलं त्यांनी. त्या आठशे नोंदी परत आलेल्या होत्या, आणि कॉम्प्युटर चालू व्हायला त्यांच्यासकट आणि त्यांच्याशिवाय तेवढाच वेळ घेत होता! मॅचच्या व्हिडिओंनी गळ्यापर्यंत भरलेली जागा आणि चालू होताक्षणी एकदम उठणारे डझनभर प्रोग्राम, हा खरा आजार. ते प्रोग्राम बंद केले, व्हिडिओ हलवले, आणि कॉम्प्युटर टुणकन उठायला लागला. सफाईवालं सॉफ्टवेअर त्यांनी स्वतःच्या हाताने काढून टाकलं. "जे मोजलंच नव्हतं, ते सुधारायला निघालो होतो," म्हणाले.

पण मी सांगत होते त्या दुपारचं. तिसरी जर्सी मशीनवरून उतरली आणि खाली जर्सी घ्यायला आलेल्या बसचा हॉर्न वाजला. आम्ही दोघं जिने उतरलो ते तीन-तीन पायऱ्या गाळत. लेकीने बसच्या दारातच पिवळी जर्सी उलगडली. "आई, हा ससाणा वेगळाच दिसतोय. याची मान वाकडी आहे!"

"तुझ्या काकांनी भरलाय अर्धा."

"काकांनी?" ती खदखदून हसली, जर्सी तिथेच डोक्यातून घातली आणि आम्हालाही हाताला धरून आत ओढलं.

मॅच बरोबरीत सुटली. पेनल्टी सुरू झाल्या, आणि शेवटी आम्ही एका गोलने पुढे होतो. समोरच्या संघाची शेवटची मुलगी चेंडू ठेवून मागे गेली, तेव्हा भावजींनी माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली. मुलगी धावत आली. माझी लेक डावीकडे झेपावली, सबंध आडवी, आणि चेंडू तिच्या बोटांना लागून खांबाबाहेर गेला!

पुढे काय काय झालं ते मला नीट आठवत नाही. भावजी कुंपण ओलांडून मैदानात शिरले होते, नवरा त्यांच्या मागे, आणि पोरींच्या त्या ढिगाऱ्यात मला कुठूनतरी लेकीचा आवाज येत होता, "आई, बघितलंस ना? बघितलंस ना?"