रॅकशेजारची खुर्ची

“ही खोली जाईल.” दत्तप्रसादसरांनी हॉलच्या नकाशावर बोट टेकवलं. “वक्त्यांना बसायला हवीये. आयोजकांचा निरोप आहे. तुझा रॅक स्टेजमागे हलव.”

उद्या सकाळी परिषद. हडपसरच्या त्या हॉलमध्ये नवनवी यंत्रं लोकांसमोर चालवून दाखवायची होती, आणि ऐन वेळी नेट गेलं म्हणून कुणाचा पचका होऊ नये याची आखणी दीपमालाकडे होती. प्रेक्षक आत शिरले की ज्याचा त्याचा फोन वायफायला लोंबकळणार, म्हणून तिने दर टेबलाला स्वतंत्र वायर दिली होती. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना पांढरी पट्टी. कुठून निघाली, कुठे पोचायची, तिच्या अक्षरात. बाळंतपणाच्या रजेनंतरचं हे पहिलंच काम. अर्धा नकाशा तर तिने विश्रांतवाडीच्या घरी, पूर्वाला मांडीवर थोपटत, एका हाताने काढला होता.

कुलूप लागेल अशी हॉलला एकच खोली. सगळ्या वायरी तिथल्या रॅकमध्ये, नेटची यंत्रं बसवलेल्या लोखंडी मांडणीत, येत होत्या, आणि त्या रॅकशेजारी दीपमालाने नकाशात एक खुर्चीही दाखवली होती. कुणी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. पूर्वा पावडरचं दूध तोंडात घ्यायची आणि शांतपणे आजीच्या पदरावर सोडून द्यायची. दुपारचं दूध काढून ठेवलं नाही तर ते हळूहळू आटत जाईल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. परिषद चांगली तीन दिवसांची.

“रॅक हलवते,” दीपमाला म्हणाली. “खुर्ची हलणार नाही.”

“कसली खुर्ची?”

तिने सांगितलं. दूध हा शब्द कानावर पडताच सरांना छतावरचे दिवे बघावेसे वाटले. मग ते हलक्या आवाजात म्हणाले की इथलं लेडीज टॉयलेट चांगलं ऐसपैस आहे, स्वच्छही आहे.

“सर, तुम्ही डबा तिथे खाता का?”

सर नकाशाची गुंडाळी करत राहिले. पुढच्या महिन्यात बंगळुरूची मोठी परिषद होती आणि तिथे तिचं नाव त्यांनीच पुढे केलं होतं. एका खोलीसाठी अडून बसणारं माणूस तिकडे चालणार नाही, ऑफिसातल्या सुदर्शनला पाठवावं लागेल, असं ते म्हणाले. तेही रागाने नव्हे. खिडकी बंद करताना बँकेतला कारकून बोलतो, तसं.

बंगळुरूचं कळल्या दिवशीच सुशीलाबाईंनी माळ्यावरची बॅग खाली काढली होती. सून कामावर असताना नातीला सांभाळायचं आणि जमलं तर विमानात खिडकीशी बसायचं, एवढा त्यांचा बेत. ती बॅग दीपमालाच्या डोळ्यांसमोर आली.

“पाठवा,” ती म्हणाली. “वक्त्यांना स्टेजलगत पडदा लावून देते. ते भाषण करायला येणारेत. मला लेकराचं जेवण करायचंय.”

खोली तिच्याकडेच राहिली, मग रॅकही हलला नाही.

हे सगळं शिडीवरून ऐकणारे हिंदुराव वायरमन खाली उतरले. फुरसुंगीचा माणूस, बोलणं मोजकं. दार पुढेमागे हलवून पाहत म्हणाले, “ताई, आतनं कडी न्हाय ह्याला. लावून देऊ?”

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती कडी लावून दीपमाला खुर्चीत बसली होती. रॅकच्या घुमण्यात दूध काढायच्या पंपाची घरघर मिसळून गेली होती. समोर मोबाइलवर पूर्वाचा बोळकं पसरलेला फोटो. एवढ्यात दारावर थाप पडली.

“दीपमाला, ड्रोनवाल्यांची लाइन गेली. लोक उभे आहेत.” सरांचा आवाज.

तिचा हात सवयीने पंप थांबवायला गेला. लग्नाआधीची दीपमाला चपला न घालताच धावली असती. तिने बाटलीकडे पाहिलं. अर्धीच.

“भरली की येते.”

बाहेरून कुणा वक्त्याचा जाड आवाज आला. पडद्यामागे फार उकडतं, ही खोली उघडता येईल का, असं तो विचारत होता. दीपमालाने कडीकडे पाहिलं.

“आत काम चालू आहे,” सर म्हणाले. “तुम्हाला थांबावं लागेल.”

ती बाहेर आली तेव्हा सर दाराला पाठ लावून उभे होते. कुणीतरी ड्रोनवाल्यांचं टेबल सरकवलं होतं आणि वायर सुटली होती. पट्टी वाचून तिने ती खटकन बसवली. स्क्रीनवर ड्रोनने टिपलेलं उसाचं शेत उमटलं, लोक पुढे सरकले.

“सुदर्शनचं बंगळुरूचं तिकीट झालंय,” सर म्हणाले.

“बरं.”

वक्त्यांसाठीच्या काचेच्या फ्रिजमध्ये शहाळ्याच्या पाण्याच्या बाटल्या मांडल्या होत्या. त्या सरकवून तिने मधल्या फळीवर आपली बाटली ठेवली. मग पुन्हा बाहेर काढली, खिशातली पांढरी पट्टी फाडली, तिच्यावर लिहून बाटलीला चिकटवली. कुठून, दीपमाला. कुठे, पूर्वा. अक्षरं काचेतून वाचता येतील अशी बाटली फिरवून ठेवली, आणि फ्रिजचं दार लावलं.